कार्मोनाची अर्ध्या दिवसाची गाईडेड टूर : नक्की घ्या, पण रोमन स्मशानासाठी वेळ वेगळा ठेवा

स्पेनमधल्या सेव्हिलला जाणारे आपले लोक कॅथेड्रल, अल्काझार, एखादा फ्लामेंकोचा शो करतात आणि एक दिवस हातात उरला की कोर्दोबा नाहीतर रोंदा. आमचंही तेच ठरलेलं पण आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे नेदरलँड्सला आले होते आणि बाबांना गर्दी नको होती, त्यांना म्हणे एखादं जुनं तटबंदीचं गाव बघायचं होतं जिथे माणसं अजून राहतात. नकाशा बघताना सेव्हिलपासून तीसेक किलोमीटरवर कार्मोना दिसलं आणि तिथली एक छोटी लोकल कंपनी चालत फिरवणारी टूर करते हेही दिसलं, इंग्लिशमधून, साडेचार तासांची. माणशी २२ युरो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. हा रिव्ह्यू त्या टूरचा आहे पण गावाबद्दल बोलल्याशिवाय टूरबद्दल सांगता येणार नाही त्यामुळे लांबलाय, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी गावाची जागा समजून घ्या. सेव्हिलच्या बाजूने बसने येताना फार काही कळत नाही, रस्ता हळूहळू चढत जातो एवढंच. पण गाव ओलांडून पलीकडच्या टोकाला गेलात की जमीन एकदम तुटते आणि खाली नजर पोचेल तिथपर्यंत सपाट काळीभोर शेतजमीन, मार्चमध्ये तर सगळा हिरवा गहू. म्हणजे गाव एका लांबट डोंगरधारेच्या टोकावर बसलंय. वरून सगळा मुलूख दिसतो, खाली धान्य पिकतं आणि जुना सेव्हिल-कोर्दोबा रस्ता गावातूनच जायचा. रोमन काळात इथे नाणी पाडायचे त्यावर दोन आडव्या गव्हाच्या लोंब्या आणि मधे गावाचं नाव कार्मो, बस. ते नाणं बघितलं की गाव कशावर जगत होतं हे वेगळं सांगायला लागत नाही.

टूर सुरू होते पुएर्ता दे सेव्हिया म्हणजे सेव्हिल दरवाजापाशी, आणि खरं सांगते, नुसत्या या दरवाजासाठी गाईड घ्यावी. आमची गाईड गावातलीच, पुरातत्त्व शिकलेली, पस्तिशीची असेल. तिने आम्हाला आत नेलंच नाही लगेच. बाहेर उभं केलं आणि म्हणाली, आधी पाच मिनिटं भिंत बघा आणि मला सांगा किती वेगवेगळ्या हातांनी बांधलीये. बाबा लगेच पुढे. ते रिटायर झाल्यापासून दर पावसाळ्यानंतर किल्ले करतात, दगड कसा घडवलाय हे त्यांच्या पटकन लक्षात येतं. खालचे मोठे घडीव दगड, ज्यांच्या कडा तासून मधला भाग फुगीर ठेवलाय, ते एका काळातले, वरचं काम दुसऱ्या काळातलं, हे त्यांनी बरोबर ओळखलं आणि मग दोघांचं जे जमलं ते शेवटपर्यंत.

तर तो खालचा बुरूज कार्थेजच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या रोमच्या शत्रूराज्याच्या लोकांचा, म्हणजे इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक, हॅनिबलच्या घराण्याचा काळ. इसपू २०६ मध्ये या भागात रोमने कार्थेजला हरवलं आणि गाव रोमन झालं, पण बुरूज पाडला नाही, त्यालाच धरून दरवाजा बांधला, एका कमानीतून शिरलं की पुढे लगेच दुसरी, मधे अडकायची जागा. वर तर चक्क एका रोमन देवळाचं जोतं आहे. त्यानंतर मुसलमानी राजवटीत बाहेरच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान आली, वर भिंती चढवल्या, पाण्याचं टाकं केलं. १२४७ मध्ये कास्तिल या ख्रिश्चन राज्याच्या तिसऱ्या फर्नांदोने गाव घेतलं आणि त्यानंतरच्या राजांनीही त्यातच भर घातली. दोन हजारांहून जास्त वर्षं एकच दरवाजा वापरात! आणि आम्ही उभे होतो तेव्हा एक आजोबा हातात पावाची पिशवी घेऊन त्याच कमानीतून घरी चालले होते. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, आपल्याकडे बहुतेक गडांवर आता वस्ती नाही गं, इथे दरवाजातून अजून रोजची रहदारी आहे.

इथे गाईडने ज्युलियस सीझरची गोष्ट सांगितली. इसपू ४९, सीझर विरुद्ध पॉम्पी, रोमन लोकांचं आपसातलं युद्ध. पॉम्पीच्या बाजूच्या सेनापतीने, वारो त्याचं नाव, कार्मोनाच्या बालेकिल्ल्यात आपल्या तीन तुकड्या ठेवलेल्या आणि गावकऱ्यांनीच त्यांना हुसकून बाहेर काढलं आणि दरवाजे लावून घेतले. सीझरने स्वतःच्या वृत्तांतात हे नोंदवलंय आणि वर म्हटलंय की अख्ख्या प्रांतात हे गाव सगळ्यात भक्कम. तिने हे नेमकं त्या दोन कमानींच्या मधे उभं राहून सांगितलं त्यामुळे अंगावर आलं. पुस्तकात हेच वाचलं असतं तर एक ओळ वाचून पुढे गेले असते.

वर चढून जायचं तिकीट टूरमध्येच धरलेलं आहे. वरून सान पेद्रो चर्चचा मनोरा दिसतो, सेव्हिलच्या कॅथेड्रलचा मनोरा खिराल्दा, त्याची धाकटी बहीण वाटावी असा, म्हणून गावात त्याला खिराल्दिया म्हणतात.

मधला तासभर मी पटकन सांगते. सान फर्नांदो चौक, त्याच्याभोवतीची सोळाव्या-सतराव्या शतकातली घरं, जुनी भाजी मंडई, पांढऱ्या गल्ल्या. छान आहे सगळं, फोटो चांगले येतात, पण अंदालुसियातल्या दहा गावांत असं दिसेल. इथे गाईडनेही उगाच वेळ काढला असं मला वाटलं, मंडईत वीस मिनिटं मोकळी सोडली ती मला नंतर हवी होती. का ते पुढे येईल.

गावाचं म्युझियम एका जुन्या वाड्यात आहे आणि तिथे एका गोष्टीसमोर थांबाच. तीन मोठे मातीचे रांजण. फिनिशियन लोक समुद्रमार्गे या भागात व्यापाराला आले त्या काळातले, म्हणजे सुमारे सव्वीसशे वर्षं जुने, गावातल्याच एका वाड्याच्या जागेत जमिनीखाली सापडलेले. एकावर पंख असलेल्या, गरुडाच्या तोंडाच्या सिंहांची रांग रंगवलीये, बाकीच्यांवर कमळं आणि कळ्या. सोबत हस्तिदंताचे चार चमचे, हरणाच्या पायाच्या आकाराचे. रंग अजून लालबुंद आहे. आई म्हणाली ही कमळं तर आपल्या रांगोळीतली वाटतात. गाईडने समजावलं की हे कमळ पूर्व भूमध्य समुद्राकडच्या कलेतून आलंय, आणि बहुतेक हे रांजण नुसते साठवणीचे नसून पूजेअर्चेच्या जागेतले असावेत.

मग सांता मारिया चर्च. पंधराव्या शतकात जुन्या मशिदीच्या जागी बांधलं, पण मशिदीचं संत्र्याच्या झाडांचं अंगण तसंच ठेवलं. मार्चमध्ये संत्र्याला फुलं येतात, आम्ही आत पाऊल टाकलं आणि सगळं अंगण घमघमत होतं, मोगऱ्याच्या आणि लिंबाच्या फुलाच्या मधला वास, शब्दात नाही येत. त्याच अंगणात एका खांबावर सहाव्या शतकातलं कॅलेंडर कोरलंय, रोमन लोकांनंतर इथे राज्य केलेल्या व्हिजिगोथ लोकांच्या काळातलं, संतांचे सणवार दिलेलं. हात लावायचा नाही हं, आमच्या ग्रुपमधल्या एकाने लावला आणि गाईड बरोबर चिडली. एकाच अंगणात व्हिजिगोथिक खांब, मुसलमानी कमानी, ख्रिश्चन चर्च. गाईडने इथे फार काही भाषण दिलं नाही, खांब दाखवला आणि बाजूला झाली, ते मला आवडलं.

पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला राजा पेद्रोचा अल्काझार, म्हणजे तटबंदीचा राजवाडा. चौदाव्या शतकातला हा राजा, शत्रू त्याला क्रूर म्हणायचे आणि त्याची माणसं न्यायी. १५०४ च्या भूकंपात बरीच पडझड झाली, आता त्या आवारात सरकारी पारादोर हॉटेल आहे, १९७६ पासून. आम्ही तिथे राहिलो नाही, गच्चीवर कॉफी घेतली फक्त आणि खालचा तो गव्हाचा समुद्र बघत बसलो. पण या जागेची खरी गोष्ट एका मुलीची आहे आणि ती मला आधी अजिबात माहीत नव्हती. १३६९ मध्ये पेद्रोला त्याच्या सावत्र भावाने, एनरिकेने मारलं आणि स्वतः राजा झाला. पण कार्मोना काही झुकलं नाही. मार्तिन लोपेस दे कोर्दोबा नावाचा पेद्रोचा निष्ठावान सरदार पेद्रोची मुलं आणि खजिना घेऊन इथे तटाच्या आत दोन वर्षं लढत राहिला. शेवटी १३७१ मध्ये जीव वाचेल या वचनावर गाव सोडलं, आणि नव्या राजाने वचन मोडून सेव्हिलमध्ये त्याचं डोकं उडवलं. मार्तिनची मुलगी लिओनोर तेव्हा आठ-नऊ वर्षांची, तिला सगळ्या कुटुंबासकट सेव्हिलच्या जहाजांच्या कारखान्यात कैदेत टाकलं, आठेक वर्षं, तिथे घरचे बहुतेक सगळे प्लेगने गेले. ती जगली, आणि मोठेपणी तिने स्वतःचं आयुष्य सांगून लिहून घेतलं. कास्तिलियन म्हणजे स्पॅनिश भाषेतल्या सगळ्यात जुन्या आत्मकथनांमध्ये ते मोजतात. म्हणजे मोठ्या लढाईत हरलेल्या बाजूच्या एका मुलीचा आवाज सहाशे वर्षं टिकलाय. ही गोष्ट गाईडने सांगितली नसती तर मी त्या गच्चीवरून फोटो काढून निघाले असते, एवढ्या एका कारणासाठी तिला पाच स्टार.

तिथून कोर्दोबा दरवाजा. रोमन रस्ता सेव्हिल दरवाजातून आत यायचा आणि गाव चिरून इथून उतरायचा. दोन्ही बाजूंना भक्कम बुरूज, मधली कमान नंतरच्या काळात डागडुजी केलेली. इथून खाली शेतांकडे उतरणारी वाट बघून बाबांना तिथेच बसून राहायचं होतं.

जेवण टूरमध्ये नाही, पण गाईडने एक साधा बार सांगितला. शाकाहारी मंडळींसाठी सांगते, या गावात एस्पिनाकास कोन गार्बान्सोस म्हणजे पालक आणि छोले हा खास पदार्थ आहे, जिरं, लसूण आणि तळलेल्या पावाचं वाटण घालून केलेला. आईने दोनदा मागवला. काही ठिकाणी त्यात मांसाचा रस्सा घालतात त्यामुळे विचारूनच घ्या. गोड हवं असेल तर तोर्ता इंग्लेसा, खुसखुशीत पापुद्र्यांच्या मधे भोपळ्याच्या दोऱ्यांचा मुरांबा, वर पिठीसाखर आणि दालचिनी. एक तुकडा दोघांना पुरतो.

आता मुख्य मुद्दा. टूरचा शेवटचा टप्पा रोमन नेक्रोपोलिस म्हणजे ते स्मशान, गावाच्या पश्चिमेला तटाबाहेर. आणि याला दिली किती मिनिटं, तर पंचवीस! मला खरंच वाईट वाटलं. कारण कार्मोनाला बाकी सगळं आहे ते आहेच पण ही जागा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. मऊ पिवळ्या दगडात खाली खणलेल्या खोल्या, त्यात उतरायला उभ्या अरुंद पायऱ्या किंवा नुसती विहिरीसारखी उभी खाच, आणि आत भिंतीत ओळीने कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात एका माणसाच्या अस्थींचा कलश. पहिल्या-दुसऱ्या शतकात इथे बहुतेक लोक दहन करायचे आणि राख कलशात ठेवायचे. एका खोलीत एक घर, आजोबा-आजी-मुलं-आश्रित सगळे शेजारी शेजारी.

हे खणून काढलं जॉर्ज बोन्सोर या माणसाने. वडील इंग्रज, जन्म फ्रान्समधला, मूळचा चित्रकार, स्पेन फिरायला आला आणि कार्मोनात अडकला. हुआन फर्नांदेस लोपेस या गावच्या माणसाबरोबर त्याने इथली जमीन घेतली, १८८१ पासून खोदकाम केलं आणि १८८५ मध्ये जागा लोकांसाठी उघडली सुद्धा, सोबत म्युझियमसकट. त्या काळी सापडेल ते विकून टाकायची पद्धत असताना यांनी ते जागेवर ठेवलं, नकाशे काढले, चित्रं काढली. त्याच्यामुळे आपण आज उतरून बघू शकतो.

दोन थडगी मोठी आहेत. सेर्विलियाचं म्हणजे अक्षरशः श्रीमंत घराचा चौसोपी वाडा, मधे अंगण, भोवती खांब. आणि हत्तीचं थडगं, तिथे दगडी हत्ती सापडला म्हणून ते नाव. यात जेवायला बसायचे दगडी चौथरे आहेत, तीन वेगवेगळ्या जागी, विहीर आहे, स्वयंपाकघर आहे. काही अभ्यासक म्हणतात हे नुसतं थडगं नाही, सिबेली देवीचं किंवा मिथ्राचं देवस्थान असावं, वाद अजून चालू आहे. जेवायच्या जागेचं मात्र कळतं, रोमन लोक फेब्रुवारीत पितरांचे दिवस पाळायचे, थडग्यापाशी येऊन खायचे आणि मेलेल्यांनाही वाढायचे. आई म्हणाली, म्हणजे पितृपक्षच की. आणि खाली न उतरता वरूनच हात जोडले तिने.

आणि आता ते जे मला गेले दोन महिने डोक्यातून जात नाही. २०१९ मध्ये गावात एका घराचं काम चालू असताना खाली एक न लुटलेलं रोमन थडगं सापडलं. आठ कोनाडे, सहांमध्ये कलश. एका काचेच्या कलशात एका पुरुषाच्या अस्थी, सोन्याची अंगठी आणि वर काठोकाठ लालसर पाणी, पाचेक लिटर. कोर्दोबा विद्यापीठाच्या लोकांनी तपासलं आणि २०२४ मध्ये जाहीर केलं की ही वाईन आहे, मुळातली पांढरी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, द्रवरूपात टिकलेली जगातली सगळ्यात जुनी. आणि दुसऱ्या कलशात, एका बाईच्या अस्थींबरोबर, स्फटिकाची छोटी कुपी, तोंड डांबराने बंद केलेली. त्यातलं अत्तर त्यांनी २०२३ मध्ये ओळखलं. पचौली!

गाईडने पचौली म्हटलं तेव्हा आई गप्प होती. मी फोनवर पान दाखवलं तर म्हणाली, अगं ही तर पाच. कोकणात आजोळी त्यांच्या परसात होती, वेणीत अबोलीबरोबर पाचीची पानं गुंफायचे, साड्यांच्या पेटीत ठेवायचे. मग आईने आपलं मोडकंतोडकं इंग्लिश वापरून गाईडला ते सगळं सांगितलं, वेणी कशी करतात ते हातांनी दाखवलं, आणि गाईडने वही काढून पाच हा शब्द लिहून घेतला. दोन हजार वर्षांपूर्वी पूर्वेकडून एवढ्या लांब तो वास आला आणि एका बाईच्या घरच्यांनी तिच्या राखेशेजारी ठेवला. मी तिथे उभी होते आणि डोळे भरून आले, आणि तेवढ्यात ग्रुपला निघायची वेळ झाली. म्हणून मंडईतल्या त्या वीस मिनिटांचा राग.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची. बुकिंगच्या मेलमध्ये सोपी चाल, सर्व वयांसाठी असं लिहिलं होतं. आईच्या गुडघ्याचं मी आधीच मेलवर कळवलं होतं आणि काही अडचण नाही असं उत्तरही आलं. प्रत्यक्षात दरवाजावर चढायच्या पायऱ्या, गोट्यांच्या फरसबंदीच्या गल्ल्या आणि थडग्यांतले ते उभे जिने, आईला यातलं अर्धं जमलं नाही. गाईडने खूप सांभाळून घेतलं, आईसाठी वरून दिसेल अशा जागा शोधल्या, तिचा काहीच दोष नाही. पण ऑफिसमध्ये बसून उत्तर देणाऱ्याने खरं लिहायला हवं होतं. मी परत आल्यावर हे कळवलं, दिलगिरीचं उत्तर आलं, साइटवरचा मजकूर मात्र हे लिहिपर्यंत तोच आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सेव्हिलहून बस मिळते, तासाभराच्या आत-बाहेर पोचवते. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, ऊन मरणाचं असतं आणि स्मशानात सावली नाही. नेक्रोपोलिसच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्यात दुपारीच बंद होतं, आधी बघून घ्या. माझं ऐकाल तर सकाळी उघडल्या उघडल्या स्वतःच तिथे जा, दीड-दोन तास घ्या, मग टूर दुपारची असेल ती धरा आणि गाईडला प्रश्न विचारा, तिच्याकडे उत्तरं आहेत. पायाला पकड असलेले बूट घाला. गुडघ्यांचा त्रास असणारं कोणी बरोबर असेल तर दरवाजा खालून, सांता मारियाचं अंगण, म्युझियम आणि पारादोरची गच्ची एवढं निवांत होतं.

टूरला ५ पैकी ४. गाईडला ५ पैकी ५. नेक्रोपोलिसला मी या वर्षात परत जाणार आहे, आई म्हणालीये पाचीची पानं सुकवून पाठवते, गाईडला द्यायला.